पदवी आणि पहारा : सायबर-सुरक्षेच्या व्यवसायात पदव्युत्तर शिक्षणाचे स्थान

१

ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीची संगणकव्यवस्था एका खंडणीखोर टोळीने निकामी केली. भारतीय वाङ्मयाच्या अभ्यासकांना या घटनेचे गांभीर्य वेगळे सांगण्याचे कारण नाही. इंडिया ऑफिसचे दप्तर, एकोणिसाव्या शतकात देशी भाषांत छापलेले ग्रंथ आणि नाना लिपींतील हस्तलिखिते यांच्यापर्यंत जाणारी वाट ज्या सूचीतून जाते, ती सूचीच दिसेनाशी झाली. ग्रंथ फडताळांत जागच्या जागी होते. कोणता ग्रंथ कोठे आहे हे सांगणारी यंत्रणा तेवढी मुकी झाली होती. मुख्य सूची वाचकांना पुन्हा पाहता येऊ लागली ती जानेवारी २०२४ च्या मध्यास. दरम्यान चोरलेली सुमारे ६०० गिगाबाइट माहिती टोळीने उघड केली. ग्रंथालयाने खंडणी दिली नाही. मार्च २०२४ मध्ये त्याने या प्रसंगाचा सविस्तर वृत्तान्त स्वतःच प्रसिद्ध केला. अनेक प्रणाली जुनाट झालेल्या होत्या, आणि दुरून काम करणाऱ्यांसाठी ठेवलेल्या ज्या मार्गाने शत्रू बहुधा आत आला, त्या मार्गावर परवलीच्या शब्दाखेरीज ओळखीचा दुसरा पुरावा मागितला जात नव्हता, हे त्या वृत्तान्तात मोकळेपणाने नमूद आहे.

ग्रंथसंग्रह असो, रुग्णालय असो वा बँक असो. त्याच्या संगणकांवर पहारा देणारा मनुष्य कोणत्या शिक्षणाने घडतो, हा प्रश्न अशा घटनांमुळे ग्रंथव्यवहारातील मंडळींच्याही दारात येऊन उभा राहिला आहे. विद्यार्थ्याच्या बाजूने पाहिल्यास त्याला अधिक निकडीचे रूप येते. प्रथम पदवी हाती पडल्यावर आणखी दोन वर्षे आणि घरची शिल्लक, किंवा घरावर काढलेले कर्ज, खर्चून सायबर-सुरक्षेची एम्. टेक्. अथवा एम्. एस्सी. ही पदवी घ्यावी काय? या प्रश्नाला सामान्यतः दोन टोकांची उत्तरे मिळतात. हा व्यवसाय केवळ हस्तकौशल्याचा असून तेथे पदवीला कवडीचे मोल नाही, असे एक मत. पदवीवाचून वरच्या जागा मिळणे अशक्य, असे दुसरे. दोन्ही मतांत तथ्यांश आहे. परंतु पदवी मोलाची की निरुपयोगी हे पदवीवरून ठरत नाही. ती आयुष्यात केव्हा आणि कोणते प्रश्न घेऊन घेतली जाते, यावरून ठरते. प्रस्तुत लेखात या क्रमाचा विचार केला आहे.

२

प्रथम या व्यवसायाचे स्वरूप पाहणे इष्ट होईल. सायबर-सुरक्षेची प्रयोजने परंपरेने तीन सांगितली जातात. माहिती अनधिकृत व्यक्तीच्या हाती पडू नये, ही गोपनीयता; माहितीत कोणी नकळत फेरफार करू नये, ही अविकृतता; आणि अधिकारी व्यक्तीला ती हवी तेव्हा मिळावी, ही उपलब्धता. लंडनच्या प्रसंगात पहिली आणि तिसरी अशा दोहोंचा भंग झाला.

ही प्रयोजने भारतीय वाङ्मयपरंपरेला अपरिचित नव्हेत. वात्स्यायनाच्या कामसूत्रातील चौसष्ट कलांत म्लेच्छितविकल्प ही सांकेतिक लेखनाची कला गणलेली आहे, आणि जयमंगला टीकेत यशोधराने अक्षरांची अदलाबदल करण्याच्या कौटिलीय व मूलदेवीय या पद्धती वर्णिल्या आहेत. अर्थशास्त्रात हेरांनी संज्ञालिपीच्या द्वारे वार्ता पाठवावी असे सांगितले आहे. अविकृततेचे उदाहरण तर याहून ठळक आहे. वेदपाठाचे पद, क्रम, जटा, घन इत्यादी प्रकार म्हणजे एकाच संहितेची निरनिराळ्या रचनांत केलेली आवृत्ती होय. शब्द एकदा सुलट, एकदा उलट, कधी मागच्यासह तर कधी पुढच्यासह म्हटला गेल्यामुळे एखादा स्वर किंवा वर्ण ढळला तर तो दुसऱ्या पाठात उघडा पडतो. उपलब्धतेचा मार्गही जुनाच आहे: एकाच पोथीच्या नकला अनेक गावी ठेवणे.

या साम्यावरून आधुनिक शास्त्र प्राचीनांना अवगत होते असा निष्कर्ष काढणे अनैतिहासिक ठरेल. साम्य आहे ते प्रयोजनाचे. मात्र वेदपाठाच्या परंपरेतील एक गोष्ट येथे विचारार्ह आहे. त्या परंपरेत पाठ आणि पाठाचे शास्त्र या दोन वेगळ्या वस्तू होत्या. विद्यार्थी आधी वर्षानुवर्षे म्हणत असे. पदपाठापासून संहितापाठ कोणत्या नियमांनी सिद्ध होतो हे सांगणारी प्रातिशाख्ये त्यानंतर त्याच्या कामी येत. केवळ पाठ म्हणणारा अपरिचित स्थळी अडे, आणि केवळ प्रातिशाख्य वाचलेल्याला कोणी पाठ म्हणण्यास बसवीत नसे.

आज या एका नावाखाली जे व्यवसाय मोडतात, ते परस्परांहून भिन्न आहेत. पाळीपाळीने पडद्यासमोर बसून येणाऱ्या इशाऱ्यांची छाननी करणारे पहारेकरी आहेत. मालकाच्या लेखी अनुमतीने त्याच्याच व्यवस्थेवर हल्ला करून तिच्यातील छिद्रे दाखविणारे परीक्षक आहेत. घटना घडून गेल्यावर पुराव्याची साखळी तुटू न देता माग काढणारे न्यायवैद्यक अन्वेषक आहेत. संपूर्ण व्यवस्थेची आखणी करणारे रचनाकार, कायदा व लेखापरीक्षा पाहणारे धोरणकार आणि संख्याशास्त्राच्या पायावर कूटपद्धती रचणारे गणिती हे आणखी निराळे. या सर्वांसाठी एकच पदवी आवश्यक वा अनावश्यक ठरविणे म्हणजे कवी, कोशकार, मुद्रितशोधक आणि लिपितज्ज्ञ या चौघांनाही एम्. ए. हवे की नको, असे एका दमात विचारण्यासारखे आहे.

३

पदवी आणि कौशल्य यांचा संबंध किती गुंतागुंतीचा आहे हे या क्षेत्राच्या इतिहासातील दोन प्रसंगांवरून स्पष्ट होते. दोन्ही प्रसंग एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात आपोआप पसरणाऱ्या आज्ञावलीचे, म्हणजे ज्याला वर्म किंवा कृमी म्हणतात त्याचे आहेत.

पहिला प्रसंग २ नोव्हेंबर १९८८ चा. कॉर्नेल विद्यापीठात पदव्युत्तर अध्ययन करणाऱ्या रॉबर्ट टॅपन मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला कृमी काही तासांत त्या काळच्या इंटरनेटवरील हजारो यंत्रांत शिरला. त्याच्या वाटांपैकी एक अशी होती: एका सेवेने बाहेरून येणाऱ्या मजकुरासाठी ५१२ अक्षरांची जागा राखली होती, पण मजकूर किती मोठा आहे हे ती मोजत नव्हती. कृमीने ५३६ अक्षरे पाठविली, आणि जागेबाहेर सांडलेल्या अक्षरांचे यंत्राने आज्ञा समजून पालन केले. दुसरी वाट परवलीच्या शब्दांची. कृमीने ४३२ शब्दांची यादी बरोबर नेली होती आणि त्यांतला एकेक शब्द तो लावून पाही. लोक सोपे शब्द निवडतात आणि म्हणून ते ओळखता येतात, हे याच विद्यार्थ्याच्या पित्याने, म्हणजे ज्येष्ठ रॉबर्ट मॉरिस यांनी, केन थॉम्प्सन यांच्यासह १९७९ मध्येच शोधनिबंधात दाखवून दिले होते. पुत्राला १९९० मध्ये न्यायालयाने दोषी ठरविले. पुढे त्याने हार्वर्डची डॉक्टरेट मिळविली आणि तो मॅसॅच्युसेट्स येथील सुविख्यात तंत्रविद्या-संस्थेत प्राध्यापक झाला.

दुसरा प्रसंग १२ मे २०१७ चा. वॉनाक्राय नावाचा कृमी त्या दिवशी जगभर पसरला आणि ब्रिटनमधील अनेक रुग्णालयांचे व्यवहार थंडावले. ज्या छिद्रातून तो शिरत होता ते बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च महिन्यातच उपलब्ध करून दिलेली होती; पुष्कळांनी ती बसविली नव्हती. हा कृमी थांबविला तो मार्कस हचिन्स या बावीस वर्षांच्या इंग्रज तरुणाने. त्याने विद्यापीठाचे तोंड पाहिले नव्हते. कृमी अस्तित्वात नसलेल्या एका पत्त्याशी संपर्क साधू पाहतो हे त्याच्या ध्यानात आले आणि नेहमीच्या रीतीप्रमाणे त्याने तो पत्ता स्वतःच्या नावे नोंदवून टाकला. त्या पत्त्यावरून उत्तर मिळताच कृमी पुढे पसरेनासा झाला. आपल्या कृतीने साथ आटोक्यात आली हे खुद्द त्यालाही नंतर उमगले. पूर्ववयात लिहिलेल्या एका घातक आज्ञावलीबद्दल याच तरुणाने २०१९ मध्ये अमेरिकेच्या न्यायालयात अपराध मान्य केला. त्याने अटकेत काढलेला काळ न्यायालयाने पुरेसा मानला आणि अधिक कारावास दिला नाही.

विद्यापीठातल्याने कृमी सोडला आणि विद्यापीठाबाहेरच्याने कृमी थांबविला, एवढ्यावरून पदवीविरुद्ध निकाल देणे सोपे आहे. परंतु या दोन कथांचा उत्तरार्धही पाहावयास हवा. १९८८ च्या कृमीचा उलगडा केला तो प्रामुख्याने बर्कले, मॅसॅच्युसेट्स आणि पर्ड्यू येथील विद्यापीठीय मंडळींनी. पर्ड्यूच्या यूजीन स्पॅफर्ड यांनी थोड्याच दिवसांत त्याचे तपशीलवार विश्लेषण लिहून काढले, आणि त्याच विद्यापीठात १९९८ मध्ये माहिती-सुरक्षेचे स्वतंत्र संशोधनकेंद्र उभे राहिले. कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकीय आपत्तींसाठी पहिले समन्वयकेंद्र स्थापन झाले ते याच कृमीनंतर काही आठवड्यांत. म्हणजे प्रसंग निभावून नेण्याचे काम सवयीच्या हाताने होते. प्रसंगाचा अर्थ लावून तो पुन्हा येऊ नये अशी व्यवस्था करण्याचे काम मात्र अभ्यासमंडळात होते. व्यवसायाला दोन्ही लागतात. एकाच व्यक्तीने दोन्ही मिळवावयाचे तर कोणते आधी, हा खरा प्रश्न आहे.

४

व्यवसाय स्वतः पदवीला किती मोजतो, याचे काही लेखी पुरावे उपलब्ध आहेत. १९९४ पासून दिले जाणारे सीआयएसएसपी हे प्रमाणपत्र या क्षेत्रातील वरिष्ठतेची खूण मानले जाते. त्याच्या आठ विषयविभागांपैकी किमान दोहोंत एकूण पाच वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव असल्यावाचून नुसत्या परीक्षेवर ते मिळत नाही. संबंधित विषयातील पदवी असल्यास या पाचांपैकी एक वर्ष माफ होते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की ही सवलत प्रथम पदवीला आणि पदव्युत्तर पदवीला सारखीच आहे. पदव्युत्तर पदवीच्या दोन वर्षांबद्दल या हिशेबात वेगळे काही जमा होत नाही.

दुसरे उदाहरण परीक्षकांच्या ओएससीपी या प्रमाणपत्राचे. तेथे प्रश्नपत्रिका नसते. उमेदवाराला जवळजवळ चोवीस तास काही यंत्रांच्या जाळ्यासमोर बसविले जाते आणि त्याने त्यांत प्रवेश मिळवून दाखवावयाचा असतो. नंतरच्या चोवीस तासांत त्याने केलेल्या कामाचा अहवाल लिहून द्यावयाचा असतो. अहवाल इतका नेमका असावा लागतो, की तो वाचून दुसऱ्या जाणत्याला तीच कृती पायरीपायरीने करता यावी. यंत्रे जिंकली आणि अहवाल ढिसाळ लिहिला तर उमेदवार अनुत्तीर्ण होऊ शकतो. शासनांचा कलही याच दिशेने दिसतो: अमेरिकेने जुलै २०२३ मध्ये जाहीर केलेल्या मनुष्यबळविषयक धोरणात पदवीपेक्षा सिद्ध कौशल्यावर नेमणुका करण्याचा पुरस्कार केला आहे.

या पुराव्यांवरून एक निष्कर्ष निःशंकपणे काढता येतो. पहारेकऱ्याच्या वा परीक्षकाच्या पहिल्या जागेसाठी पदव्युत्तर पदवी हे महागडे आणि लांबचे प्रवेशद्वार आहे. जाळ्याची रचना, यंत्रप्रणालीचे अंतरंग, आज्ञावली वाचण्याची व लिहिण्याची सवय आणि नोंदी तपासण्याची चिकाटी एवढे भांडवल असलेल्याला ते ओलांडल्यावाचून आत येता येते.

५

तथापि पदवीच्या ठिकाणी जे मिळते आणि अन्यत्र क्वचित मिळते, त्याचाही हिशेब मांडला पाहिजे. लंडनच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयाने १९९२ मध्ये माहिती-सुरक्षेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. या विषयाच्या आद्य अभ्यासक्रमांपैकी तो एक होय. त्या वर्षीच्या विद्यार्थ्याने जी उपकरणे हाताळली असतील त्यांतील बहुतेक आज अडगळीत गेली आहेत. परंतु १९७६ मध्ये डिफी आणि हेलमन यांनी मांडलेली सार्वजनिक किल्लीची कल्पना, आणि मोठ्या संख्येचे अवयव पाडण्याच्या कठिणतेवर १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर व एडलमन यांनी उभारलेली कूटपद्धती त्याने नीट समजून घेतली असेल, तर त्या ज्ञानावर तीस वर्षे चरितार्थ चालविणे त्याला शक्य झाले असेल. पुरेशा क्षमतेचा क्वांटम संगणक निर्माण झाल्यास हीच कठिणता नाहीशी होईल, हे पीटर शोर यांनी १९९४ मध्ये दाखविले. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या प्रमाणसंस्थेने त्या भावी संकटाला तोंड देणाऱ्या पहिल्या तीन नव्या पद्धती प्रमाण म्हणून जाहीर केल्या. जुन्या पद्धती कोठे कोठे वापरात आहेत, त्यांपैकी कोणत्या आधी बदलाव्यात, आणि आज चोरून साठविलेला मजकूर वीस वर्षांनी कोणी वाचला तर कोणाचे काय बिघडेल, या प्रश्नांची उत्तरे उपकरणाच्या माहितीपुस्तिकेत नसतात.

गणितापलीकडेही हेच दिसते. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्यातील एका सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये दोन-तीन दिवसांत लुबाडले गेले. कोणत्याही रोकडयंत्रात कार्ड घातले म्हणजे विचारणा बँकेच्या मध्यवर्ती केंद्राकडे जाते आणि तेथून होकार आला तरच पैसे बाहेर पडतात. तपासाच्या वृत्तान्तांनुसार चोरांनी या दोहोंच्या मध्ये स्वतःचे बनावट केंद्र उभे केले आणि ते प्रत्येक विचारणेला होकार देत राहिले. खऱ्या केंद्रापर्यंत प्रश्न पोहोचतच नव्हता. त्यामुळे अनेक देशांतील रोकडयंत्रांतून बनावट कार्डांवर रकमा निघाल्या. येथे एखादे कुलूप कच्चे होते एवढे म्हणून भागत नाही. उत्तर देणारा तोच आहे याची खातरजमा कोणी करावयाची, हा विश्वासाच्या रचनेचा प्रश्न होता. साक्ष आणि साक्षीदाराची ओळख यांतील भेद ज्याला तत्त्वतः शिकविलेला आहे, त्याला अशा रचनेतील पोकळी आधी दिसण्याची शक्यता अधिक असते.

विषयाचा एकत्रित नकाशा ही पदवीची दुसरी देणगी होय. ब्रिटनमधील विद्वानांनी २०१९ मध्ये या क्षेत्राचे एकोणीस ज्ञानविभाग ठरवून त्यांची मांडणी प्रसिद्ध केली आणि २०२१ मध्ये त्यांत दोहोंची भर घातली. मानवी वर्तन, कायदा आणि जोखीम-व्यवस्थापन यांना तेथे कूटशास्त्राच्या बरोबरीने स्थान आहे. नोकरीत असलेल्या मनुष्याला यांपैकी दोन-तीन विभागांतच आयुष्य काढावे लागते. शेजारच्या दालनात काय चालले आहे हे त्याला सहसा ठाऊक नसते. मात्र ज्याने एकाही दालनात काम केलेले नाही, त्याच्या दृष्टीने या नकाशावरील सर्व नावे सारखीच अपरिचित असतात. परीक्षेपुरती ती पाठ होतात आणि परीक्षेनंतर विसरली जातात. दोन-तीन वर्षे पाळ्या केलेला मनुष्य तोच नकाशा हाती घेतो तेव्हा खोट्या इशाऱ्यांनी वाया घालविलेल्या त्याच्या रात्री, वरिष्ठांनी न वाचलेले त्याचे अहवाल आणि महिनोन्महिने न बसलेल्या दुरुस्त्या यांची कारणे त्याला त्यात सापडू लागतात. पदवी त्याच्या बाबतीत उत्तरांचे काम करते, कारण प्रश्न त्याच्याजवळ आधीच असतात.

६

भारतातील परिस्थितीत हा क्रम अधिकच महत्त्वाचा ठरतो. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मध्ये झाला. संगणकीय आपत्तींचे राष्ट्रीय केंद्र सर्ट-इन २००४ पासून कार्यरत आहे. आणि एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत त्या केंद्राला कळविणे बंधनकारक झाले. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. या तरतुदींमुळे कामाची संख्या वाढली, तसेच अभ्यासक्रमांचेही पेव फुटले.

उपलब्ध मार्ग स्थूलमानाने चार आहेत. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या आणि पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या शासकीय संस्थेची सुमारे सहा महिन्यांची पदव्युत्तर पदविका हा पहिला. तिचा रोख प्रत्यक्ष कामावर आहे. गेट परीक्षेच्या गुणांवर शासकीय तंत्रशिक्षण संस्थांत मिळणारी एम्. टेक्. हा दुसरा, येथे पात्र विद्यार्थ्याला छात्रवृत्ती मिळत असल्याने आर्थिक भार हलका राहतो. विद्यापीठीय एम्. एस्सी. हा तिसरा. गांधीनगर येथील न्यायवैद्यक विद्यापीठाला २०२० च्या कायद्याने राष्ट्रीय दर्जा मिळाला आणि त्याचे केंद्र गोव्यातही आहे; न्यायवैद्यक अन्वेषणाकडे वळणाऱ्याला असा विशेष अभ्यास उपयोगी पडतो. परदेशी पदवी हा चौथा व सर्वांत खर्चाचा मार्ग. कानपूरच्या आय. आय. टी.सारख्या संस्थांनी नोकरी न सोडता दुरून करता येणारे पदव्युत्तर अभ्यासक्रमही सुरू केले आहेत, आणि लेखात प्रतिपादिलेल्या क्रमाला ते विशेष अनुकूल आहेत.

परदेशी पदवीविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. अमेरिकेच्या कायद्यात एच-१बी परवान्यांची वार्षिक मर्यादा ६५,००० असून तेथील पदव्युत्तर पदवीधरांसाठी आणखी २०,००० जागा राखलेल्या आहेत. ज्या कुटुंबाने कर्ज काढून मुलाला धाडले, त्याने पुष्कळदा या तरतुदीची किंमत मोजलेली असते. विद्येची किंमत हा त्या रकमेचा लहान भाग असतो. यात गैर काही नाही. परंतु स्थलांतराचे नियम विद्यार्थ्याच्या अभ्यासावर अवलंबून नसतात आणि त्याचा अभ्यासक्रम संपण्यापूर्वीही ते बदलू शकतात. कर्ज मात्र बदलत नाही. हा हिशेब आणि व्यवसायातील उपयुक्ततेचा हिशेब यांची गल्लत होता कामा नये.

काहींच्या बाबतीत पदवी आधी घेणेच योग्य, हेही नमूद केले पाहिजे. ज्याला कूटशास्त्रात संशोधन करावयाचे आहे, त्याला उच्च गणिताच्या गुरूवाचून गत्यंतर नाही. ज्याला अध्यापन करावयाचे आहे, त्याच्यासाठी पदव्युत्तर पदवी ही नियमानेच किमान अर्हता आहे. आणि ज्याची प्रथम पदवी अन्य विषयाची आहे, त्याला पायाभूत संगणकविद्या शिस्तीने शिकण्याची दुसरी संधी या पदवीतून मिळू शकते. मात्र तो अभ्यासक्रम पाया खरोखरच घालतो की केवळ उपकरणांची ओळख करून देतो, हे प्रवेशापूर्वी पाहून घ्यावे. प्रयोगशाळेत किती तास जातात, प्रबंध लिहावा लागतो की नाही, आणि शिकविणाऱ्यांपैकी कितीजणांनी प्रत्यक्ष घटना हाताळल्या आहेत, या तीन चौकशा माहितीपत्रकातील सर्व आश्वासनांपेक्षा अधिक सांगून जातात.

७

वाङ्मयाचा पदवीधर या क्षेत्राला परका आहे, अशी समजूत सर्वत्र आढळते. इतिहास तिला दुजोरा देत नाही. एलिझाबेथ स्मिथ यांनी १९१५ मध्ये इंग्रजी वाङ्मयाची पदवी घेतली आणि पुढच्या वर्षी शिकागोजवळील रिव्हरबँक येथे त्या कामाला लागल्या. शेक्सपिअरच्या नाटकांत फ्रान्सिस बेकनने सांकेतिक मजकूर लपविला आहे हे सिद्ध करण्याचे ते काम होते. तेथेच त्यांची गाठ विल्यम फ्रीडमन या आनुवंशशास्त्राच्या अभ्यासकाशी पडली आणि ती दोघे विवाहबद्ध झाली. सांकेतिक लेखनाची पदवी त्या काळी अस्तित्वात नव्हती. मात्र पुढे अमेरिकेच्या कूटविद्येचा पाया घालणाऱ्यांत दोघांची गणना झाली. एलिझाबेथ यांनी दारूबंदीच्या काळात तस्करांचे संकेत उलगडले आणि महायुद्धात हेरांचे. ज्या कल्पनेपासून आपला प्रवास सुरू झाला तिच्याकडे दोघांनी चाळीस वर्षांनंतर पुन्हा वळून पाहिले, आणि शेक्सपिअरमधील तथाकथित संकेत शास्त्रीय कसोटीला उतरत नाहीत असे १९५७ च्या ग्रंथात दाखवून दिले. ज्या पद्धतीने हवा तो मजकूर काढता येतो, तिने काढलेला मजकूर पुरावा ठरत नाही, हे त्यांच्या विवेचनाचे सार होय.

हा विवेक पाठचिकित्सेच्या अभ्यासकांना नवा नाही. मिळालेल्या नोंदींतून आपल्याला हवी ती गोष्ट न वाचता तेथे असलेली गोष्ट वाचणे, पाठभेदाचे कारण शोधणे, आणि निष्कर्ष दुसऱ्याला तपासता येईल असा लिहून ठेवणे, या सवयी न्यायवैद्यक अन्वेषकाच्याही आहेत. १९८६ मध्ये बर्कले येथील प्रयोगशाळेच्या हिशेबातील ७५ सेंटांच्या तफावतीचा माग घेत क्लिफर्ड स्टोल यांनी एका जर्मन घुसखोराला गाठले. स्टोल यांची डॉक्टरेट ग्रहविज्ञानाची होती. त्यांच्या यशात मोठा वाटा होता तो निरीक्षणाची प्रत्येक नोंद वेळेसह वहीत करण्याच्या सवयीचा. ती सवय त्यांना पदवीच्या अभ्यासातूनच लागली होती. फक्त त्या पदवीचा विषय वेगळा होता.

यावरून प्रारंभीच्या प्रश्नाचे उत्तर असे देता येते. पहिली नोकरी मिळविण्याचे साधन म्हणून कर्ज काढून घेतलेली पदव्युत्तर पदवी बहुतेकांच्या बाबतीत खर्चाला पुरी पडत नाही. संशोधन, अध्यापन आणि कूटगणित यांसाठी ती आवश्यक आहे. इतरांनी आधी लहान पदविका, सराव आणि साधी नोकरी या वाटेने आत शिरावे, दोन-तीन वर्षे पाळ्या कराव्यात, आणि कामातून उभे राहिलेले प्रश्न गाठीशी बांधून मग विद्यापीठात यावे. तोवर कोणती पदवी घ्यावी हेही त्यांना कळलेले असते, आणि पुष्कळदा तिचा खर्च सोसण्याची ऐपतही आलेली असते.

देशातील हस्तलिखितांचे संग्रह, नियतकालिकांचे जुने अंक आणि ध्वनिमुद्रणे आता वेगाने संगणकावर चढत आहेत. त्यांची देखभाल करणाऱ्या संस्थांना पहारेकरी नेमावे लागतील, आणि निवड-समितीत वाङ्मयाचे प्राध्यापकही बसतील. उमेदवाराच्या पदव्यांची यादी वाचून झाल्यावर त्यांनी ब्रिटिश लायब्ररीच्या वृत्तान्ताची चार पाने त्याच्यापुढे ठेवावीत आणि हा प्रसंग येथे घडू नये म्हणून पहिल्या महिन्यात काय कराल, असे विचारावे. सूची पुन्हा केव्हा दिसू लागेल, हे त्या उत्तरावर अवलंबून राहील.